मरणाची तयारी ठेवून जगलेला पुरुष : कै. गोपाळ गणेश आगरकर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, अशी प्रथा आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने मजकडे सोपविले व विषयाची निवडही मजवरच ठेविली. मी कै. गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र निवडले, हे पाहून कित्येक वाचकांस थोडे नवल वाटेल. आगरकर आपल्या ज्ञातीचे नव्हते. इतकेच नव्हे, तर जातिभेद व त्यापासून उत्पन्न होणारी संकुचित वृत्ती यांवर त्यांनी जन्मभर कठोर प्रहार केले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत आपले नाव आलेले त्यांना स्वतःस कितपत रुचले असते, याचीही मला शंका आहे. तथापि चांगल्याचा आदर करताना ज्ञातीची मर्यादा पाळू नये, एवढी उदारता आपल्या मंडळात आहे, असा माझा विश्वास आहे.

या निवडीचे कारण थोडे खासगी आहे. ते आरंभीच सांगून टाकतो. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मी प्राथमिक शिक्षकाची नोकरी धरली व सेवानिवृत्त होईपर्यंत मुलांना मराठी शिकविले. या काळात आगरकरांवरील धडा मी किती वेळा शिकविला असेल, याची गणती नाही. त्यांच्या एका सदऱ्याची गोष्ट मी रंगवून सांगत असे. परंतु त्यांच्या उशाखालील पुडीची गोष्ट आली की मी घाईने पुढे जात असे. मरणाचा विषय लहान मुलांपुढे नको, असे मी मनाशी म्हणे. खरे पाहता तो विषय मला स्वतःलाच नको होता. गेल्या वर्षी मला फुप्फुसांचा विकार जडला. तो बरा होणारा नाही, फार तर त्याची गती थोडी मंदावता येईल, असे तज्ज्ञ डॉक्टरांचे मत पडले. ते मत घरच्यांनी मजपासून दोन महिने लपवून ठेविले. कागदपत्रे चाळताना ते मला सहज कळले. त्यानंतर मी आगरकरांचे चरित्र पुन्हा हाती घेतले आणि ज्या पानांवरून मी तीसपस्तीस वर्षे घाईने गेलो होतो, तीच पाने या वेळी सावकाश वाचली.

गोपाळरावांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील टेंभू या कृष्णाकाठच्या गावी झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. बालपण बहुतांशी कऱ्हाडास आजोळी गेले व प्राथमिक शिक्षणही तेथेच झाले. पुढील शिक्षणाची सोय गावात नव्हती, म्हणून कोवळ्या वयातच त्यांना कचेरीत उमेदवारी करावी लागली. पुढे शिकण्याच्या ओढीने हा मुलगा कऱ्हाडहून पायी रत्नागिरीस गेला. कऱ्हाड ते रत्नागिरी हा सह्याद्रीचा घाट उतरून जाण्याचा मार्ग आजही मोटारीने थोडाथोडका वाटत नाही. तेथेही निभाव लागेना, तेव्हा परत येऊन दवाखान्यात औषधे तयार करून देण्याचे काम त्यांनी काही दिवस केले. अखेरीस वऱ्हाडात अकोल्यास नातलगांच्या आश्रयाने ते राहिले. तेथील हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा विद्याव्यासंगी गुरू त्यांना लाभला. १८७५ साली ते मॅट्रिक झाले व पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

डेक्कन कॉलेजातील त्यांच्या दारिद्र्याच्या कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकल्या आहेत. अंगात घालावयास एकच सदरा, तो रात्री धुवून वाळत घालावयाचा व सकाळी पुन्हा घालावयाचा, अशी त्यांची स्थिती होती. याच कॉलेजात त्यांची व बाळ गंगाधर टिळक यांची मैत्री जमली. शिक्षणाच्या द्वारे राष्ट्राची उभारणी करावी, याविषयी दोघे मित्र तासन्‌तास चर्चा करीत. एम. ए. झालेल्या तरुणास त्या काळी सरकारी नोकरीचे दार सताड उघडे होते. आपला मुलगा आता मोठ्या हुद्द्यावर चढेल व आपले कष्ट संपतील, अशी आशा टेंभूस बसलेल्या आईने धरावी, यात तिचे काय चुकले? परंतु गोपाळरावांनी आईस पत्र लिहून कळविले की, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा तिने ठेवू नये, पोटापुरते मिळवून उरलेला सर्व वेळ लोकांच्या कामी खर्च करावयाचे आपण ठरविले आहे. आपल्या माणसांना आशेवर ठेवून नंतर निराश करण्यापेक्षा खरी गोष्ट अगोदरच स्पष्ट सांगावी, हा त्यांचा स्वभावविशेष या पत्रात दिसतो. पुढे मृत्यूच्या बाबतीतही ते याच स्वभावाने वागले.

पुढील हकीकत महाराष्ट्राच्या इतिहासात नमूद आहे. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी टिळक व नामजोशी यांच्या साहाय्याने पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच त्यात सामील झाले. ४ जानेवारी १८८१ रोजी केसरी पत्राचा पहिला अंक निघाला व त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. कोल्हापूरच्या दिवाणांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली व मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली. १८८३ साली शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे त्यांनी केलेले रूपांतर विकारविलसित या नावाने प्रसिद्ध झाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. या सर्व उभारणीत आगरकरांचा वाटा मोठा होता.

परंतु एवढ्या श्रमाला साजेसे शरीर त्यांना लाभले नव्हते. दम्याच्या विकाराने त्यांना तरुणपणीच गाठले होते. दमा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांस निराळे सांगावयास नको. श्वासनलिका आकसतात, त्यांत कफ साचतो, आत घेतलेली हवा बाहेर पडता पडत नाही. मध्यरात्रीनंतर व पहाटे हा विकार विशेष बळावतो. मग रोग्याने अंथरुणावर उठून बसावे, उशा पुढे घेऊन त्यांवर ओणवे व्हावे व उजाडण्याची वाट पहावी. आज दमेकऱ्याच्या खिशात औषधाचा फवारा असतो व दोन झोतांत छाती मोकळी होते. हा फवारा १९५६ साली प्रथम प्रचारात आला. आगरकरांच्या हयातीत असे काहीच नव्हते. धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढणे, शेक घेणे, काढे पिणे, एवढेच उपाय ठाऊक होते. त्यांनी तात्पुरता आराम पडे, परंतु विकार हटत नसे व प्रत्येक झटक्यागणिक शरीर अधिक खंगत जाई.

अशा प्रकृतीचा मनुष्य काय करील? पुष्कळ माणसे अशा वेळी जिवाला जपून राहतात. ते अयोग्य आहे, असे मी म्हणत नाही. परंतु आपल्याला दीर्घायुष्य नाही, हे आगरकरांनी मनाशी ओळखले होते, आणि त्यावरून त्यांनी निराळाच निष्कर्ष काढला. जे सांगावयाचे ते विलंब न लावता व स्पष्ट सांगावे, असे त्यांनी ठरविले. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, या प्रश्नावरून त्यांचे व टिळकांचे मतभेद वाढत गेले व १८८७ साली त्यांनी केसरी सोडला. जिवलग मित्राशी पडलेले हे अंतर त्यांना सोपे गेले नसेल. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी सुधारक हे स्वतःचे पत्र काढले. त्याची इंग्रजी बाजू प्रारंभी गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. मराठी बाजू आगरकर स्वतः लिहीत. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, निरर्थक रूढी, देवदेवतांविषयीच्या कल्पनांची उत्पत्ती, अशा विषयांवर इतके निर्भीड लिखाण मराठीत क्वचितच झाले होते. दिवसा कॉलेजात शिकवावे, उरलेल्या वेळी पत्राचे लिखाण करावे व रात्री दम्याशी झगडावे, असा त्यांचा क्रम होता.

या लिखाणाचे फळ त्यांना लवकरच मिळाले. सनातनी मंडळींचा रोष इतका वाढला की पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढण्यात आली. त्यांची प्रतिमा तिरडीवर बांधून मिरविली गेली व तिचे दहन झाले. वाचकहो, या प्रसंगाचा क्षणभर विचार करावा. ज्याला दर रात्री श्वास पुरत नाही, ज्याचे खरे मरण फार दूर नाही, अशा मनुष्यास त्याचे शेजारीपाजारी त्याच्याच मरणाचा सोहळा करून दाखवितात! निरोगी मनुष्यही अशाने खचून जाईल. आगरकरांनी सुधारक चालू ठेविला व लिखाणाची धार तसूभरही कमी केली नाही. त्या यात्रेत जे सामील झाले होते, त्यांच्याच मुली व सुना पुढे शाळेत जाऊ लागल्या, हे आज दिसते. परंतु ते पाहण्यास आगरकर राहिले नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण बहुतेक जण श्रद्धाळू आहोत. देव आहे, परलोक आहे, पुनर्जन्म आहे, असे आपण मानतो व मरणसमयी त्याचा आधार घेतो. आगरकरांना हा आधार नव्हता. मिल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला होता. जे बुद्धीला पटत नाही, ते केवळ परंपरेने आले म्हणून मानावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता व ते अज्ञेयवादी होते. मरणानंतर काय आहे, हे मनुष्यास कळण्यासारखे नाही, असे मानणाऱ्याने मरणास कसे सामोरे जावे? असा मनुष्य अखेरीस घाबरतो व देवाचे नाव घेतो, असे आपण सहज बोलून जातो. आगरकरांच्या चरित्रात तसे काही आढळत नाही. उलट दुसऱ्याच्या श्रद्धेला त्यांनी घरात धक्का लावला नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांच्या व्रतवैकल्यांत गोपाळरावांनी सक्तीने हात घातला नाही. बाहेर ज्यांची लेखणी तलवारीसारखी चाले, ते घरात पत्नीच्या मनाला जपत असत. आपल्या मतासाठी स्वतः झीज सोसावी, परंतु आपल्या माणसांवर ते मत लादू नये, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

१८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे अकाली निधन झाले व ती जबाबदारी आगरकरांवर पडली. प्रकृती ढासळत असतानाच त्यांनी ती उचलली. कॉलेजचा कारभार, अध्यापन व सुधारकाचे लिखाण, अशी तिहेरी ओढाताण जेमतेम तीन वर्षे चालली. १८९५ सालच्या उन्हाळ्यात दुखणे विकोपास गेले आणि १७ जून १८९५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वयाची ३९ वर्षे पुरी होण्यास अद्याप २७ दिवस अवकाश होता.

त्यांच्या मृत्यूनंतर उशापाशी एक लहानशी पुडी सापडली. तीत थोडे रुपये होते व ते आपल्या प्रेताच्या दहनाकरिता ठेविल्याचे टिपण होते. हीच ती पुडी, जिच्याविषयी वर्गात बोलण्यास मी कचरत असे. आता तिचा अर्थ मला निराळा वाटतो. पूर्वी मला ती केवळ दारिद्र्याची खूण वाटे. एका कॉलेजच्या प्राचार्याला स्वतःच्या सरणाचे पैसे बाजूस काढून ठेवावे लागले, याचे मला वाईट वाटे. आता वाटते की ती मुख्यतः विचाराची खूण आहे. आपण गेल्यावर पहिल्याच तासात घरच्यांपुढे कोणती अडचण उभी राहील, हे त्या मनुष्याने शांतपणे मनात आणिले होते. दुःखाने भांबावलेल्या पत्नीला कोणापुढे हात पसरावा लागू नये, कोणा मित्रास वर्गणी गोळा करावी लागू नये, एवढ्यासाठी त्याने दुखण्यातच ती पुडी बांधली. ही पुडी बांधताना त्याच्या हाताला कंप सुटला असेल की नाही, हे आपल्याला कळणार नाही. पुडी बांधली गेली, एवढे खरे.

आगरकर गेल्यानंतर टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. सात-आठ वर्षांचे वैर बाजूस सारून जुन्या मित्राच्या गुणांची त्यात त्यांनी मोकळ्या मनाने कदर केली. विद्यार्थिदशेत ज्याच्याबरोबर आयुष्याची स्वप्ने रंगविली, तो मित्र समेट पुरता होण्याआधीच निघून जावा, याचे दुःख किती मोठे असते, हे आपल्यापैकी ज्यांनी भावाशी वा मित्राशी अबोला धरला आहे, त्यांनी आपल्या मनास विचारावे.  

आता दोन शब्द आपल्या घरांविषयी. आपल्या कुटुंबांत दुखणाईतापासून त्याचे दुखणे लपविण्याची रीत आहे. ती प्रेमापोटीच आहे, हे मी जाणतो. माझ्या घरच्यांनीही प्रेमापोटीच तसे केले. परंतु त्या दोन महिन्यांत काय घडले, ते सांगतो. मी खोलीत शिरलो की बोलणे थांबे. सून उगाचच गोड पदार्थ करी. मुलगा पुण्याहून दर आठवड्यास येऊ लागला व कारण विचारता नजर चुकवी. मी एकटा पडलो व तेही एकटे पडले. ज्या दिवशी सत्य उघड झाले, त्या दिवशी रात्री आम्ही सर्वांनी एकत्र बसून रडून घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात पुन्हा मोकळेपणाने बोलणे सुरू झाले. बँकेचे पासबुक कोठे आहे, निवृत्तिवेतनाचे कागद कोणत्या ट्रंकेत आहेत, गावच्या घराचा उतारा कोणाच्या नावे आहे, हे मी पत्नीस एक एक करून समजावून दिले. एवढ्या वर्षांच्या संसारात हे आम्ही कधी बोललो नव्हतो. मृत्युपत्र लिहून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

त्यानंतर मी एका पाकिटात अंत्यविधीपुरते पैसे घालून ते कपाटात ठेविले. तेराव्याचे जेवण घालू नये व ती रक्कम आपल्या मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीस द्यावी, असेही त्यावर लिहिले. हे वाचून पत्नीस फार लागले. दहावे, बारावे, तेरावे झाल्याविना माझ्या जिवाला स्वस्थता वाटणार नाही, असे तिचे म्हणणे पडले. मी प्रथम वाद घातला. आगरकरांचे दाखलेही दिले. मग यशोदाबाईंची आठवण झाली व मी गप्प राहिलो. माझ्यामागे जी उरणार, तिचे समाधान हेही माझ्या तयारीतच मोडते. अखेर आमचे असे ठरले की विधी घरातल्या घरात, तिला हवे तसे व्हावेत. गावजेवण मात्र होऊ नये व तो खर्च मुलांच्या पुस्तकांकडे जावा. पाकिटावरील मजकूर मी तसा दुरुस्त केला आहे.

मी भित्रा मनुष्य आहे, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही. रात्री श्वास लागला म्हणजे आगरकर आठवतात व धीर येतो, असे प्रत्येक वेळी घडत नाही. कित्येकदा नुसती भीतीच वाटते, व मग मी पांडुरंगाचे नाव घेतो. आगरकरांनी ते घेतले नसते. परंतु भीती असो वा नसो, श्रद्धा असो वा नसो, दुखणे कळल्यावर मागे उरणाऱ्यांची सोय लावणे हे प्रत्येकास करता येण्यासारखे आहे. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, संपत्ती तर मुळीच लागत नाही. एका गरीब प्राचार्याने ते १८९५ साली करून दाखविले.

ज्ञातिबांधवांस माझी एकच विनंती आहे. ही स्मरणिका मिटून ठेवण्यापूर्वी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसावे. त्यांचे दुखणे त्यांच्यापासून लपविले असेल, तर सौम्य शब्दांत ते त्यांस सांगावे व त्यांच्या मनात काय आहे, ते ऐकून घ्यावे. आपण स्वतः वडीलधारे असाल, तर आपले कागद नीट लावून ठेवावेत व ज्याच्याशी अबोला असेल, त्यास भेटून यावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी कोणते चरित्र लिहावयाचे, हे मी संपादक मंडळास आताच सुचवून ठेविले आहे. ते लिहिण्यास मी असलो तर आनंदाने लिहीन. नसलो, तर टिपणे माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आहेत.